लव्हाळ्याचा दाखला

शेणव्याच्या सावळाराम गोजरांनी सातवा रकाना मोकळा सोडला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. बाकीच्या गटांनी तो मोकळाच सोडला होता. एका गटाने त्यात 'होय' असं लिहिलं होतं, आणि दुसऱ्या एका गटाने जागा दिसली म्हणून आणखी एक सही ठोकली होती. कोणाचं काही अडलं नाही.

अर्ज होता शहापूरला दिवाळीआधी भरणाऱ्या बचत गटांच्या प्रदर्शनाचा. सावळारामांची बायको गुणाबाई पाच बायकांच्या गटाची अध्यक्ष. दोन वर्षं त्यांनी उटण्याच्या पुड्या घरोघर दिल्या होत्या, आणि यंदा पहिल्यांदा टेबल मिळण्याचा योग होता. टेबलावर पाटी लागणार, पाटीवर गुणाबाईंचं नाव येणार. ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती, पण ठेवणीतलं लुगडं दोनदा उन्हात टाकून झालं होतं, त्यावरून घरात सगळ्यांना कळलं होतं.

अर्ज भरायला सावळाराम बसले. ते तीस वर्षं एका कचेरीत शिपाई होते. अक्षरं शिकले पन्नाशीला, रात्रीच्या वर्गात, आणि तेव्हापासून छापलेली ओळ दिसली की ती वाचल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नसे. एसटीच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा ते वाचत. तर असा माणूस सहाव्या रकान्यात 'उटणे' असं ठसठशीत लिहून सातव्यापाशी आला. तिथे छापलं होतं: 'वापरलेल्या वनस्पतीची ओळख, ओळखण्याच्या खुणा, व ओळख कोणी पटवली'.

"लिवा ना, लव्हाळा," गुणाबाई चुलीपासून म्हणाल्या. "सावळीनी खणून दिला, मी वास घेतला. झालं."

सावळी वरच्या ठाकूरवाडीची. रानातली कंदमुळं काढण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. गोजरांच्या शेताखाली ओहोळाकाठी एक पाणथळ पडीक तुकडा होता, तिथून ती दरवर्षी लव्हाळ्याचे कंद काढून द्यायची. त्यांनाच बाजारात मोथा म्हणतात, आणि उटण्याला जो वास येतो तो निम्मा त्यांचा असतो.

"वास रकान्यात लिहिता येत नाय," सावळाराम म्हणाले. "आणि सावळीचं शिक्षण किती?"

गुणाबाईंनी भाकरी उलटली आणि जेवढं तिला लागायला हवं होतं त्यापेक्षा जरा जोरात थापटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावळाराम ओहोळावर गेले. बरोबर चष्मा, फूटपट्टी आणि कुठल्याशा शेतकी मेळाव्यात फुकट मिळालेली एक पुस्तिका. पुस्तिकेत लव्हाळ्याच्या खुणा दिल्या होत्या: खोड त्रिकोणी, भरीव, गाठी नसलेले, पाने तीन ओळींत, शेंड्याला छत्रीसारखा तांबूस तुरा, तुऱ्याखाली लांब पाने, मुळाशी काळे सुगंधी कंद. सावळारामांनी एक काडी उपटली, डोळ्यांजवळ धरली आणि त्रिकोण शोधला. सापडला. समाधानाने त्यांनी शेजारची काडी उपटली. तिलाही त्रिकोण होता. तिच्या शेजारच्या बुटक्या रोपट्यालाही त्रिकोण होता. तासाभरात त्यांच्याजवळ चार जातींची त्रिकोणी रोपटी जमली आणि प्रत्येकावर पुस्तिका थोडी थोडी लागू पडत होती.

एकदा त्रिकोण दिसायला लागले की माणसाची दृष्टी बिघडते. सावळारामांनी घरी येऊन केरसुणीच्या काड्या तपासल्या. मग अंगणातल्या तुळशीचं खोड चिमटीत धरून पाहिलं. ते चक्क चौकोनी निघालं. साठ वर्षं जिला पाणी घातलं तिला चार बाजू आहेत हे आपल्याला ठाऊक नसावं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की खात्रीसाठी त्यांनी दुसरी फांदीही मोडली. गुणाबाईंनी ते पाहिलं. पुढे काय बोलणं झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून तुळशीला हात लावायचा नाही असं ठरलं एवढंच.

सून रेश्मा शहापुरात झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "बाबा, एवढा टाइम कशाला घालवता? फोटो काढला की मोबाइल नाव सांगतो." तिने फोटो काढला. मोबाइल म्हणाला, कांद्याची पात. दुसरा काढला. मोबाइल म्हणाला, भात. तिसऱ्या वेळी शेजारचे धाऊबाबा काय चाललंय ते बघायला मागे येऊन उभे राहिले होते, त्यांची मिशी फोटोत आली, आणि मोबाइलने 'ओळख पटली नाही, स्वच्छ नमुना वापरा' असं कळवलं. ते रेश्माने मोठ्याने वाचलं.

धाऊबाबांनी ते मनाला लावून घेतलं. नाहीतर ते वाईट माणूस नव्हेत. पण संध्याकाळी पारावर त्यांनी विषय काढला की, जे तण उपटता उपटता आपल्या बापाची कंबर गेली ते आता गोजरांच्या घरी लोकांच्या अंगाला चोळायला कुटतायत, आणि ते नक्की काय आहे हे खुद्द सावळारामालाच माहीत नाही, तो फूटपट्टी घेऊन फिरतोय. यातला एकही शब्द खोटा नव्हता, ही त्यातली अडचण. दुसऱ्या दिवशी गटातल्या दोघी, काशी आणि बाईजा, गुणाबाईंकडे येऊन घुटमळल्या. म्हणाल्या, कोणाच्या अंगावर पुरळ आलं तर? त्यापेक्षा यंदा बाजारातली तयार भुकटी मिसळू. गुणाबाई म्हणाल्या, मग पाटीवर पण बाजाराचंच नाव लावू. त्यावर दोघींनी भुकटीचं नाव सोडलं, पण त्या कुटायला बसल्या नाहीत.

आता सावळारामांना दाखला आणणं भाग पडलं. ही हौस राहिली नव्हती, घरची अब्रू झाली होती. ते शहापूरला गेले. कचेरी कोणती ते सांगत नाही. खिडकी सगळीकडे सारखीच असते. खिडकीमागच्या साहेबांनी रोपटं पाहिलं, सावळारामांना पाहिलं आणि विचारलं, "ओळख पटवायची आहे की नाश करायचा आहे?"

"ओळख," सावळाराम म्हणाले.

ओळखीचा अर्ज त्यांच्याकडे नव्हता. नाशाचा होता. 'तणनियंत्रण प्रात्यक्षिक मागणी अर्ज'. सावळारामांनी तो तिथेच उभ्याने वाचला, पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या नावापर्यंत. त्यात एक ओळ होती, 'तणाचे वर्णन: अर्जदाराने भरावे', आणि तिच्याखाली, 'तणाचे नाव: कार्यालयाने भरावे'. सावळारामांचे डोळे चमकले. कार्यालय नाव भरणार, त्यावर शिक्का मारणार, प्रत आपल्याला देणार. शिक्क्यासकट नाव म्हणजे दाखलाच की. राहता राहिलं प्रात्यक्षिक, म्हणजे कचेरीचा माणूस येऊन औषध फवारून दाखवणार, ते. पण एखादी कचेरी अर्ज केल्यावर त्याच वर्षी गावात येते, हे तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी निर्धास्तपणे ओहोळाकाठच्या तुकड्याचा गट नंबर लिहिला आणि सही केली.

बुधवारी अर्ज दिला. शनिवारी रेश्माच्या मोबाइलवर निरोप आला: आपली मागणी मंजूर, प्रात्यक्षिक मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपल्या जागेवर, परिसरातील पंचवीस शेतकऱ्यांनी उपस्थित राहावे. सोबत अर्जाची प्रत होती. वर्णनाच्या ओळीत सावळारामांनी लिहिलेला त्रिकोणी खोड वगैरे सगळा मजकूर होता. नावाच्या ओळीत कार्यालयाने भरलं होतं: 'तण'.

सावळारामांनी हे घरात वाचून दाखवलं तेव्हा गुणाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, उठून ओहोळाच्या दिशेला बघितलं आणि परत येऊन बसल्या. म्हणाल्या, "निम्मे कंद अजून जमिनीत हाईत. पाणी वसरल्याबिगर खणता येत नाय. मंगळवारी तिथं इख मारलं, तर ते मी लोकांच्या अंगाला लावू?"

"मी बघतो," सावळाराम म्हणाले.

"तुमी बघू नका. तुमी बघताय म्हणूनच चाललंय हे."

इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला असं बोलणं नवीन नसतं. पण त्या रात्री ताटात चटणी आली नाही, आणि सावळारामांनी ती मागितली नाही, यावरून प्रकरण किती पुढे गेलं होतं ते समजावं.

रविवारचा दिवस त्यांनी नमुना तयार करण्यात घालवला. कचेरीत गेलेली वस्तू नीट नसली तर परत येते हा त्यांचा अनुभव. त्यांनी ओहोळावरून चांगलं ठसठशीत रोपटं आणलं, मुळाशी चिखल होता म्हणून मूळ कापून टाकलं, उरलेलं स्वच्छ धुतलं, तुऱ्याखालची लांब पानं फाइलीबाहेर येत होती ती कात्रीने बेताची केली, खोडाला पंचने दोन भोकं पाडली, त्यातून टॅग ओवला आणि वर नाव लिहिलं: 'नमुना १, पान १ पैकी १'. आयुष्यात इतकी सुबक फाइल त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली नव्हती.

सोमवारी खिडकी उघडताना ते शहापुरात हजर होते. साहेब म्हणाले, मंजूर झालेलं प्रात्यक्षिक असं रद्द होत नाही. होतं, पण सदर वनस्पती तण नसून उपयुक्त आहे, असा जाणत्या माणसाचा दाखला पाहिजे. मुरबाडच्या कॉलेजात वनस्पती शिकवणाऱ्या मॅडम आहेत, त्या देतील. सावळाराम तसेच शेअर जीपमध्ये बसले. किन्हवली, सरळगाव करत जीप मुरबाडला पोचेपर्यंत फाइलीवर एक बाई, एक भोपळा आणि शेवटी एक कंडक्टर असे तिघे बसून उठले होते.

अनिता मॅडम वयाने लहान आणि बोलायला गोड होत्या. त्यांनी आधी चहा मागवला, मग फाइल उघडली. बराच वेळ त्या भोकांकडे बघत राहिल्या.

"हा टॅग..." त्या म्हणाल्या.

"गहाळ होऊ नये म्हणून," सावळारामांनी सांगितलं.

त्यांनी पानं मोजली. तीन ओळींत आहेत, बरोबर. खोडाला धारा आहेत. मग त्यांनी तुऱ्याखालची पानं विचारली. सावळाराम म्हणाले, ती जादा होती. मूळ विचारलं. सावळाराम म्हणाले, माती होती. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. हसू दाबायला असेल, पण सावळारामांनी ते दमल्यामुळे असावं असं मानलं.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही याला इतका नीटनेटका केलात की आता हा कोणीही असू शकतो. या कुळात शेकड्याने जाती आहेत. तीन धारा सगळ्यांनाच. कोणता कोण हे तुरा सांगतो, तुऱ्याखालची पानं सांगतात आणि सगळ्यात जास्त मूळ सांगतं. तुरा चेपलाय, आणि बाकीचं तुम्ही घरीच ठेवून आलात."

मग त्यांनी कपाटातून वाळलेले नमुने काढून दाखवले. कसं खोड बोटांत फिरवायचं, कोणाच्या मुळाला नुसते दोरे असतात आणि कोणाच्या मुळाला कंदांची माळ असते. सावळारामांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून सगळं नीट पाहिलं. पण सही करायला मूळ हवंच, आणि मॅडमना मंगळवारी परीक्षेचं काम होतं. बुधवारी पूर्ण रोपटं घेऊन या, म्हणाल्या. बुधवार ही प्रदर्शनाचा अर्ज देण्याची शेवटची तारीख होती, आणि प्रात्यक्षिक मंगळवारी.

उठता उठता मॅडमनी सहज विचारलं, "लहानपणी ओहोळाकाठी गुरं चारली असतील ना? तेव्हा कसा ओळखायचात?"

"मी सेवानिवृत्त आहे," सावळाराम म्हणाले आणि फाइल उचलून निघाले. सरळगाव मागे पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चष्मा मॅडमच्या टेबलावर राहिला.

मंगळवारी कचेरीचा माणूस बरोबर अकरालाच आला. दीपेश नावाचा तरणा मुलगा, पाठीवर पंप, हातात बॅनर. सावळारामांना वक्तशीरपणाचं फार कौतुक, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना त्याचा राग आला. धाऊबाबा घरून खुर्ची घेऊन आले होते. गाव जमला होता. गटातल्या बायका एका बाजूला उभ्या होत्या, त्यात काशी आणि बाईजाही होत्या. गुणाबाई ओहोळाच्या कडेला, बरोबर लव्हाळ्याच्या मधोमध उभ्या होत्या, आणि तिथून हलायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. बांधावर सावळी खुरपं मांडीवर ठेवून बसली होती.

सावळारामांनी दीपेशला सगळं सांगितलं. पोरगा समजूतदार होता. म्हणाला, "आजोबा, मला काय मजा नाय वाटत औषध मारायला. पण मला पंचवीस सह्या आणि फोटो वर पाठवायचेत. कारणाशिवाय परत गेलो तर मला विचारतील. हे तण नाय, उटण्याचंच आहे, असं तुमी कशावरून म्हणता? इथं तर चार प्रकारचं दिसतंय."

सावळारामांनी खिशातून पुस्तिका काढली आणि उघडली. पान त्यांच्यासमोर होतं. त्यावर अक्षरं होती, म्हणजे असणार. त्यांना मुंग्यांची रांग दिसत होती. त्यांनी पुस्तिका लांब धरली, मग जवळ धरली. मग उलटी तर नाही ना म्हणून फिरवली, आणि आता ती नक्की उलटी झाली. मागून कोणीतरी हसलं. पन्नाशीपर्यंत ज्या हसण्याला ते सवयीने मान खाली घालत आले होते तेच हे हसणं होतं, आणि आता अठरा वर्षांनी ते त्यांना आपल्याच बांधावर ऐकू आलं. धाऊबाबासुद्धा हसले नाहीत; खुर्चीत चुळबुळले.

"तात्या," सावळी म्हणाली. ठाकूरवाडीच्या माणसांना वयाने मोठ्यालाही अरे-तुरे करायची रीत. "पुस्तक ठेव खाली. हात पुढं कर."

का कोण जाणे, त्यांनी केला. सावळीने खुरप्याने एक रोपटं मुळासकट उचललं आणि मातीसह त्यांच्या तळव्यावर ठेवलं. उघड्या डोळ्यांना काही दिसत नव्हतंच, तेव्हा सावळारामांनी ते मिटले. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये काडी फिरवली.

"गवत," ते म्हणाले. "गोल फिरतं. गाठ पण लागते मधे."

सावळीने दुसरं दिलं. काडी बोटांत फिरेना, अडखळत वळली. एक, दोन, तीन. बोटं खाली मुळापर्यंत गेली. "धारा तीन. पण मुळाला नुसते दोरे. हा भातातला, पिवळ्या तुऱ्याचा. हा एका पावसाचा गडी, कंद नाय ह्याला."

तिसऱ्याच्या शेंड्याला बोट लागताच ते म्हणाले, "मण्याचा. डोकीवर पांढरा मणी."

लोक पुढे सरकले होते. चौथं रोपटं हातात आलं तेव्हा सावळाराम जरा थांबले. काडीच्या तिन्ही धारा सारख्या होत्या. बुंध्याशी फुगीर. तिथून एक चिवट दोरा निघाला होता, दोऱ्याला टणक गाठ, गाठीपासून पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. सावळारामांनी एक गाठ तोडून दाताखाली धरली. कडवट चव आली आणि मागोमाग वास. सात-आठ वर्षांचे असताना भुकेपोटी याच ओहोळाकाठी त्यांनी ह्या गाठी चघळल्या होत्या. तेव्हा त्यांना कोणी खुणा विचारल्या नव्हत्या. इतकी वर्षं ते कुठे ठेवलं होतं, ते त्यांनाच सांगता आलं नसतं.

"हा," ते म्हणाले. "हा आपला."

धाऊबाबांना राहवलं नाही. त्यांनी खुर्चीतून उठून हळूच काहीतरी सावळारामांच्या तळव्यावर ठेवलं. सावळारामांनी ते बोटांत फिरवलं.

"ही बिडी हाय," डोळे न उघडता ते म्हणाले. "आणि ती दमट हाय, धाऊ. पेटायची नाय."

या वेळी हसले ते सगळे धाऊबाबांना हसले, आणि धाऊबाबाही हसले. काशीने पदर खोचला, पुढे होऊन आपलं आपण एक रोपटं उपटलं, बोटांत फिरवलं आणि बाईजाच्या नाकाला लावलं. बाईजा म्हणाली, "कळलं गो. इतक्या दिसांचं कुटायचं राहिलं, आता रातचं बसू."

दीपेश मघापासून बॅनर वाचत उभा होता. त्यावर लिहिलं होतं, 'तण: प्रत्यक्ष प्रात्यक्षिक'. कशाचं प्रात्यक्षिक ते लिहिलेलं नव्हतं. त्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, "आजोबा, पुन्हा एकदा कराल? डोळे मिटून. मला फोटो घेऊ द्या." त्या दिवशी त्याने पंचवीस सह्या घेतल्या, आणि अहवालात लिहिलं की शेतकऱ्यांना तण व उपयुक्त वनस्पती ओळखण्याचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले, फवारणीची आवश्यकता आढळली नाही. पंपाचं झाकण उघडलंच नाही. धाऊबाबांनी, आणलाच आहे तर आमच्या गोठ्यात डासांवर मारता का, असं विचारून पाहिलं. पण त्यासाठी वेगळा अर्ज होता.

बुधवारी पहाटेच सावळाराम आणि गुणाबाई मुरबाडला निघाले. या खेपेला रोपटं ओल्या गोणपाटात होतं, मुळासकट, चिखलासकट, आणि सबंध जीपभर वास सुटला होता. अनिता मॅडमनी एक कंद नखाने फोडला, हुंगला आणि दोन मिनिटांत दाखला लिहून सही केली. शास्त्रातलं नाव त्यांनी मराठी अक्षरांत लिहून दिलं, सायपेरस रोटुंडस. सावळारामांनी परत मिळालेला चष्मा लावून ते तीनदा वाचलं. गुणाबाई म्हणाल्या, "एवढ्याशा कंदाला एवढं नाव. बारशाला कोण गेलं होतं?" मॅडम मनापासून हसल्या, आणि दोन पुड्या राखून ठेवा म्हणाल्या.

दुपारी तीन वाजता शहापुरात प्रदर्शनाच्या अर्जांचं टेबल आवरत आलं होतं. तिथला कारकून म्हणाला, लवकर करा. सावळारामांनी अर्ज पसरला. सातवा रकाना लहान होता, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: 'लव्हाळा, म्हणजे मोथा. काडी बोटांत फिरवावी, तीन धारा लागतात. गाठ लागली तर गवत. मुळाला नुसते दोरे असले तर तो नव्हे. कंदांची माळ पाहिजे. कंद फोडून वास घ्यावा.' पुस्तिकेतला एकही शब्द त्यात आला नव्हता. मग 'ओळख कोणी पटवली' यापुढे त्यांनी आपलं संपूर्ण नाव लिहिलं, श्री. लावून. शिपाई म्हणून त्यांनी नाव पुष्कळ ठिकाणी लिहिलं होतं. जाणता म्हणून ही पहिलीच वेळ होती, आणि ती त्यांनी सावकाश, ऊन खाल्ल्यासारखी उपभोगली.

गुणाबाई खांद्यावरून बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. सावळारामांनी शिकवायचं किती वेळा काढलं, पण त्या म्हणायच्या, घरात एक वाचणारा आहे तोच झेपत नाय.

"हे तुमचं नाव," त्या म्हणाल्या.

सावळाराम दचकले. "तुला काय माहीत?"

"रोजचं हाय. सुरवातीला वाकडा आकडा, मधे पोट, आणि शेवटच्याची तंगडी खाली लोंबते. दुरून पण वळखीन मी." मग त्यांनी विचारलं, "एकच नाव? सावळीचं कुठं हाय?"

कारकून म्हणाला, खाडाखोड चालणार नाही. सावळारामांनी त्याच्याकडे पाहिलं. सगळी नोकरी त्यांनी हेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवण्यात घालवली होती. त्यांनी पेन उचललं, श्री.पासून शेवटपर्यंत आपल्या नावावर एक आडवी रेघ ओढली आणि वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'सावळी आगिवले, ठाकूरवाडी'. त्याच्याखाली, जागा उरली नव्हती तरी, आणखी एक नाव बसवलं. खाडाखोडीपाशी करणाऱ्याची सही लागते, तेवढी त्यांनी कोपऱ्यात केली.

कारकुनाने रकाना वाचला नाही. शिक्का मारला आणि म्हणाला, टेबल नंबर नऊ.

गुणाबाई अजून अर्जावर वाकलेल्या होत्या. त्यांनी खालच्या नावावर बोट ठेवलं. "आणि हे कुणाचं?"

"तुझं," सावळाराम म्हणाले.

मागचे लोक घाई करत होते, कारकून अर्ज ओढत होता. गुणाबाईंनी बोट काढलं नाही. त्या नावाला कुठे पोट आहे, कुठे धार आहे, शेवटी काय लोंबतं, हे त्या सावकाश बघत होत्या. पाटीवर दिसलं की दुरून ओळखता यायला हवं होतं.